केंद्रकातली लिपिडं आणि जनुकांचं नियंत्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या महाविद्यालयांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांत मी पेशीविज्ञानावर बोलायला जाते. लिपिडांचा विषय निघाला की पहिला हात वर होतो तो रिपोर्टमधल्या कोलेस्टेरॉलसाठी आणि दुसरा कोणतं तेल खावं यासाठी. या दोन्हींची उत्तरं खाली दिली आहेत. पण या दोन प्रश्नांच्या मधे एक फार सुंदर विषय आहे आणि पाठ्यपुस्तकात त्याला जेमतेम जागा मिळते. पेशीच्या केंद्रकात लिपिडं काय करतात? कोणतं जनुक कधी चालू व्हावं, यात त्यांचा हात कसा असतो? बारावीचं जीवशास्त्र थोडंफार आठवत असेल तर पुढचं सगळं समजेल.

लिपिड म्हणजे तेल, तूप, चरबी हेच ना?

हो, आणि आणखीही बरंच काही. तेला-तुपातली ट्रायग्लिसराइडं, पेशीची पटलं ज्यांची बनतात ती फॉस्फोलिपिडं, कोलेस्टेरॉल, कोलेस्टेरॉलपासून तयार होणारी कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरकं, 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वं, मज्जातंतूंच्या आवरणातली स्फिंगोलिपिडं, ही सगळी एकाच कुळातली. शाळेत आपण त्यांची दोन कामं शिकतो, ऊर्जा साठवणं आणि पटल बांधणं. तिसरं काम निरोप देण्याचं. पेशीत मेद किती आहे आणि कोणत्या प्रकारचा आहे, ही खबर केंद्रकापर्यंत पोचवण्यात मेदाच्या रेणूंचा स्वतःचाच मोठा वाटा असतो. मला या विषयाचं वेड लागलं ते यामुळेच.

रक्ताच्या लिपिड प्रोफाइलमध्ये केंद्रकातली लिपिडं कळतात का?

नाही. त्या तपासणीत रक्तातून फिरणाऱ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड मोजतात. केंद्रकातल्या लिपिडांचं मोजमाप संशोधनाच्या प्रयोगशाळेतच होतं. कोणी तशी तपासणी विकत असेल तर पैसे देऊ नका.

केंद्रकात लिपिडं नेमकी असतात कुठे? फक्त पटलात की आतही?

दोन्हीकडे. केंद्रकाभोवती एकात एक अशी दोन पटलं असतात. बाहेरचं पटल सरळ आंतर्द्रव्य जालिकेशी, म्हणजे बोलीभाषेत ज्याला आपण ईआर म्हणतो त्याच्याशी, जोडलेलं असतं. त्यामुळे पेशीचा लिपिड बनवण्याचा कारखाना आणि केंद्रकाचं आवरण यांच्यात तुटक अशी सीमाच नाही. आतलं पटल मात्र गुणसूत्रांच्या बाजूला तोंड करून असतं आणि तिथली प्रथिनं वेगळी असतात.

आता आतल्या भागाबद्दल. ट्रायटनसारख्या डिटर्जंटने केंद्रकाची दोन्ही पटलं धुऊन टाकली तरी उरलेल्या गाभ्यात फॉस्फोलिपिडं सापडतात, असं काही संशोधक बरीच वर्षं सांगत होते. त्यावर 'ही बाहेरून लागलेली घाण आहे, केंद्रक नीट स्वच्छ झालं नाही' असा आक्षेप येई आणि तो रास्त होता. १९८७ मध्ये इटलीतल्या बोलोन्याचे लुचो कोक्को, इंग्लंडमधले रॉबिन अर्विन आणि त्यांचे सहकारी यांनी उंदराच्या फ्रेंड पेशींवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. या रक्तकर्करोगाच्या पेशी रसायन देऊन हिमोग्लोबिन बनवणाऱ्या पेशींकडे वळवता येतात. पटलं काढून टाकलेल्या केंद्रकांत इनॉसिटॉल (साखरेसारखा एक छोटा रेणू) असलेली फॉस्फोलिपिडं तयार होत होती. पेशी नव्या कामाकडे वळली की त्यांचं प्रमाणही बदलत होतं. निव्वळ चिकटलेली घाण पेशीच्या वाढीबरोबर असं शिस्तीत बदलणार नाही, म्हणून हा प्रयोग महत्त्वाचा ठरला.

या कुळातल्या सर्वांत अभ्यासल्या गेलेल्या रेणूचं पूर्ण नाव फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल बिसफॉस्फेट. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'पिप-टू' म्हणतात, मीही तेच म्हणते. १९९८ मध्ये प्रतिपिंडांनी रंगवून पाहिल्यावर पिप-टू केंद्रकातल्या स्पेकल्समध्ये दिसलं. स्पेकल्स म्हणजे आरएनएची कापणी-जोडणी करणारी प्रथिनं जिथे गोळा होतात ते ठिपके. त्यांना कुठलंही पटल नसतं.

पटल नाही, भोवती सगळं पाणी. मग तेलकट शेपटी असलेला रेणू तिथे राहतो कसा?

हा प्रश्न कोणी विचारला की मला मनापासून आनंद होतो, कारण खरी अडचण हीच आहे. सगळ्या लिपिडांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. पण काहींच्या बाबतीत ते अतिशय स्पष्टपणे मिळालं आहे.

एसएफ-१ नावाचं एक प्रथिन अधिवृक्क ग्रंथी आणि जननग्रंथींमध्ये स्टेरॉइड बनवणारी जनुकं चालू करतं. २००५ मध्ये त्याच्या स्फटिकाची क्ष-किरण रचना काढली तेव्हा त्याच्या पोटातल्या खोबणीत अख्खं फॉस्फोलिपिड बसलेलं सापडलं. दोन्ही तेलकट शेपट्या प्रथिनाच्या आत पाण्यापासून सुरक्षित, आणि फॉस्फेटचं डोकं मात्र पृष्ठभागावर बाहेर.

ते डोकं बाहेर असण्याला अर्थ आहे. २०१२ मध्ये असं दाखवलं गेलं की एसएफ-१मध्ये बसलेल्या पिप-टूच्या डोक्यावर आयपीएमके नावाचं विकर आणखी एक फॉस्फेट चढवतं आणि त्यामुळे एसएफ-१ अधिक जोमाने काम करतं. पीटेन हे विकर तो फॉस्फेट उतरवतं आणि काम मंदावतं. लिपिड जागचं हललंसुद्धा नाही, शेपट्या आतच राहिल्या, फक्त डोक्यावरचा एक फॉस्फेट आला-गेला आणि जनुकाचा वेग बदलला. कर्करोगाच्या अभ्यासकांना पीटेन चांगलंच ओळखीचं आहे, कारण अनेक गाठींमध्ये त्याचं जनुक बिघडलेलं असतं.

लिपिड थेट डीएनएला चिकटून जनुक चालू करतं का?

जनुक चालू होतं म्हणजे त्याची आरएनएमध्ये नक्कल निघू लागते. ही नक्कल काढायची की नाही, हे डीएनएवर बसणारी प्रथिनं ठरवतात. लिपिड बहुतेक वेळा या प्रथिनांना हात लावतं, डीएनएला नाही.

यातली सर्वांत मोठी टोळी न्यूक्लियर रिसेप्टरांची, म्हणजे निरोपाचा रेणू झेलून जनुकांवर काम करणाऱ्या प्रथिनांची. माणसात ते ४८ आहेत. प्रत्येकाची ठेवण साधारण सारखी असते. एका भागात जस्ताचे अणू धरून ठेवणाऱ्या दोन घड्या असतात आणि त्या डीएनएवरची ठरावीक अक्षरं ओळखतात. दुसऱ्या भागात तेलकट रेणू मावेल अशी खोबण असते. इस्ट्रोजेन, कॉर्टिसॉल, 'ड' जीवनसत्त्व, 'अ' जीवनसत्त्वापासून होणारं रेटिनॉइक आम्ल, कोलेस्टेरॉलची ऑक्सिडीकृत रूपं, पित्ताम्लं, मेदाम्लं, या प्रत्येकासाठी या कुटुंबात कोणी ना कोणी आहे.

पीपीएआर-अल्फाचं उदाहरण जरा सावकाश बघू. १९९० मध्ये ते उंदराच्या यकृतातून हाती लागलं. हे प्रथिन एकटं काम करत नाही. आरएक्सआर नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरशी जोडी करून ते डीएनएवर बसतं. एजीजीटीसीए ही सहा अक्षरं दोनदा, मधे एक अक्षर सोडून, जिथे येतात साधारण ती त्याची जागा. खोबण रिकामी असताना या जोडीला जनुक दाबून ठेवणारी प्रथिनं धरून असतात. मेदाम्ल आत शिरलं की प्रथिनाच्या टोकाचा एक लहानसा सर्पिल तुकडा, ज्याला बारावं हेलिक्स म्हणतात, तो वळून खोबणीवर झाकणासारखा बसतो. एवढ्या हालचालीने पृष्ठभाग बदलतो, दाबणारी प्रथिनं सुटतात, मदतनीस प्रथिनं येऊन चिकटतात आणि नक्कल निघू लागते.

आणि चालू कोणती जनुकं होतात? मेद जाळणारी. उपाशी राहिल्यावर शरीर मेदसाठ्यातून मेदाम्लं सोडतं, ती यकृतात येतात आणि यकृताला स्वतःला जाळण्याची यंत्रसामग्री उभी करायला लावतात. पीपीएआर-अल्फा नसलेल्या उंदरांना उपाशी ठेवलं तर त्यांच्या रक्तातली साखर घसरते, कीटोन पुरेसे बनत नाहीत आणि यकृतात चरबी साचते. इंधन हजर असूनही ते वापरण्याचा आदेश केंद्रकापर्यंत पोचत नाही.

मेदाम्ल केंद्रकात जातं कसं? वाटेत कोणी नेतं का?

नेतं. पेशीत मेदाम्लं धरून ठेवणारी एफएबीपी नावाची छोटी प्रथिनं असतात. त्यांतली काही, योग्य मेदाम्ल हाती आलं की, आकार किंचित बदलून केंद्रकात शिरतात आणि ते पीपीएआरच्या हवाली करतात. रेटिनॉइक आम्लासाठीही असाच वाहक आहे.

स्टॅटिनची गोळी घेतो. तिचा जनुकांशी काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे. रोज गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं, असं मला वाटतं.

यकृताची पेशी कोलेस्टेरॉल स्वतः बनवते आणि रक्तातूनही उचलते. दोन्हीसाठी लागणाऱ्या जनुकांवर एसआरईबीपी नावाच्या प्रथिनाची हुकमत चालते. हे प्रथिन मात्र केंद्रकात नसतं. ते ईआरच्या पटलात खिळलेलं असतं आणि स्कॅप नावाचा सोबती त्याला धरून असतो. स्कॅपला पटलातलं कोलेस्टेरॉल जाणवतं. भरपूर असेल तर स्कॅप इनसिग नावाच्या प्रथिनाला चिकटून तिथेच थांबतो. कमी पडलं की तो एसआरईबीपीला घेऊन गॉल्जीकडे निघतो. तिथे दोन विकरं ते एकापाठोपाठ एक कापतात आणि सुटा झालेला तुकडा केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट असाच चालतो, पाणी खाली गेलं की पंप सुरू, भरलं की बंद. २००८ मध्ये मोजमाप झालं तेव्हा यंत्रणा पालटणारी कोलेस्टेरॉलची ही पातळी ईआरच्या पटलातल्या एकूण लिपिड रेणूंच्या सुमारे ५ टक्के निघाली. त्याच्या जराशा वर-खाली यंत्रणा झटकन बंद किंवा चालू होते.

आता गोळीकडे येऊ. स्टॅटिन कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एका विकराला अडवतं. पेशीतलं कोलेस्टेरॉल उतरतं, एसआरईबीपी केंद्रकात जातं आणि एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, पकडणाऱ्या रिसेप्टरचं जनुक चालू करतं. ते रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातलं एलडीएल ओढून आत घेतात. रिपोर्टमधला आकडा उतरतो तो मुख्यतः या शेवटच्या पायरीमुळे. म्हणजे गोळी विकर अडवते, पण रक्त साफ करण्याचं काम तुमच्याच यकृताची चालू झालेली जनुकं करतात.

ही साखळी उलगडली ती डॅलसमधल्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेत. त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं ते कोलेस्टेरॉलच्या नियंत्रणावरच्या आधीच्या कामासाठी. एसआरईबीपी त्यानंतर, १९९३ मध्ये सापडलं. पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो सूक्ष्मजीव चाळून एका बुरशीतून वेगळं केलं होतं.

गोळी बंद करावी का, डोस बदलावा का, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

औषधनिर्माणशास्त्र शिकतो. पीपीएआरवरची औषधं कोणती?

फायब्रेट गटातली औषधं पीपीएआर-अल्फावर काम करतात आणि ट्रायग्लिसराइड उतरवतात. पायोग्लिटाझोन पीपीएआर-गॅमावर काम करतं आणि इन्सुलिनला पेशींचा प्रतिसाद सुधारतं. अहमदाबादच्या झायडसने विकसित केलेलं सारोग्लिटाझार अल्फा आणि गॅमा दोन्हींवर काम करतं. भारतात ते २०१३ मध्ये मधुमेहींच्या बिघडलेल्या लिपिडांसाठी मंजूर झालं. तुमच्या पुस्तकात यांचं वर्गीकरण आजारानुसार असेल. मी म्हणेन की एकदा ती रिसेप्टरनुसार मांडून बघा. दुष्परिणामांची कारणंही त्यातून लवकर समजतात.

यीस्टवर संशोधन करून माणसाच्या पेशीबद्दल काय कळणार?

निरोपाची मूळ कल्पना सर्वांत साफ दिसते ती यीस्टमध्येच. फॉस्फॅटिडिक आम्ल हा पटलाची इतर लिपिडं बनवण्याचा कच्चा माल. ओपी-१ नावाचं प्रथिन याच लिपिडाला धरून ईआरच्या आणि केंद्रकाच्या पटलावर बसून राहतं. पेशीला बाहेरून इनॉसिटॉल मिळालं की हा कच्चा माल भराभर वापरला जातो, पटलावरचं फॉस्फॅटिडिक आम्ल उतरतं, ओपी-१ची पकड सुटते, ते केंद्रकात जातं आणि इनॉसिटॉल बनवणारी जनुकं बंद करतं. बाहेरून मिळत असेल तर घरी कशाला बनवायचं, हा हिशेब एका लिपिडाच्या कमी-जास्त होण्यावर चालतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे काम मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगते.

हिस्टोनवरच्या खुणांशी लिपिडांचा संबंध आहे, असं ऐकलं. तो कसा?

डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळलेलं असतं ते हिस्टोन. त्यांच्यावर ॲसिटिल गट चढला की गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचायला सोपं जातं. तो गट येतो ॲसिटिल-कोए या रेणूतून, आणि मेदाम्लं बनवायलाही हाच रेणू लागतो. एसीएलवाय नावाचं विकर सायट्रेटपासून ॲसिटिल-कोए बनवतं. हे विकर कमी केलं की हिस्टोनवरच्या ॲसिटिल खुणाही घटतात, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. उलट दिशेने, मेदाम्लं जाळून निघालेला कार्बनही हिस्टोनवर जाऊन बसतो.

खुणा पुसणारी विकरंही आहेत आणि त्यांनाही लिपिडं अडवतात. आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतुमय पदार्थांपासून ब्युटिरेट हे चार कार्बनचं मेदाम्ल बनवतात. ब्युटिरेटमुळे या विकरांना खीळ बसते, हे १९७०च्या दशकापासून माहीत आहे. २००९ मध्ये स्फिंगोसिन-१-फॉस्फेट या लिपिडाचंही तसंच काम समोर आलं. ते केंद्रकातच तयार होतं आणि खुणा पुसणाऱ्या विकरांना तिथेच चिकटतं.

केंद्रकाचं पटल जनुकांना दाबून ठेवतं, म्हणजे काय?

आतल्या पटलाला लागून लॅमिन प्रथिनांची जाळी असते. जीनोमचा सुमारे एक तृतीयांश भाग या जाळीच्या जवळ असतो आणि तिथली बहुतेक जनुकं शांत असतात. या कडेच्या जागेत लिपिडांचा सहभाग दोन ठिकाणी फार ठळकपणे दिसतो.

पहिलं ठिकाण लॅमिन बी रिसेप्टर, म्हणजे एलबीआर. या एका प्रथिनाचं केंद्रकातलं टोक गुंडाळलेल्या, शांत डीएनएला कडेशी धरून ठेवतं. पटलात रुतलेला उरलेला भाग हे कोलेस्टेरॉल बनवण्याच्या वाटेवरचं एक विकर आहे. गुणसूत्र धरणारा हात आणि कोलेस्टेरॉल घडवणारा हात एकाच प्रथिनाला का असावेत, हा प्रश्न मला अजूनही झोपू देत नाही.

याचा परिणाम तुम्ही पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहू शकता. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून रंगवला की न्यूट्रोफिल पेशींची जांभळी केंद्रकं दिसतात. एरवी त्यांना तीन ते पाच पाळ्या असतात आणि पाळ्यांना जोडणारे बारीक धागे. एलबीआर जनुकाची एक प्रत बिघडलेली असेल तर दोनच गोलसर पाळ्या दिसतात, मधे बारीक पूल आणि डीएनए जास्तच घट्ट गोळा झालेलं. ही पेल्गर-ह्युएट स्थिती. पेल्गर यांनी ती १९२८ मध्ये नोंदवली, ह्युएट यांनी ती आनुवंशिक असल्याचं ओळखलं, आणि तिच्यामागे एलबीआर आहे हे २००२ मध्ये कळलं. अशी माणसं ठणठणीत असतात. धोका एवढाच की स्मिअर बघणाऱ्याला या अपरिपक्व पेशी वाटतात आणि नसलेल्या जंतुसंसर्गाचा शोध सुरू होतो. दोन्ही प्रती बिघडून कोलेस्टेरॉलचं काम बंद पडलं तर मात्र ग्रीनबर्ग डिसप्लेशिया होतो, आणि तो गर्भ जगत नाही.

दुसरं ठिकाण खुद्द लॅमिन. काही लॅमिनांच्या टोकाला फार्नेसिल नावाची १५ कार्बनची तेलकट शेपटी जोडली जाते, तीही कोलेस्टेरॉलच्याच वाटेवर बनणारी. या शेपटीमुळे प्रथिन पटलाला चिकटतं. लॅमिन 'ए'च्या बाबतीत ती पुढे कापून टाकायची असते. प्रोजेरिया या बालपणीच जराजर्जर करणाऱ्या आजारात जनुकातल्या एका अक्षराच्या बदलामुळे कापण्याची जागाच नाहीशी होते, शेपटी तशीच राहते आणि केंद्रकाचा आकार वेडावाकडा होतो. हा बदल २००३ मध्ये सापडला. ती शेपटी जोडूच न देणारं लोनाफार्निब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मंजूर झालं. आजार बरा होत नाही, पण आयुष्य काही काळ वाढतं. एका लिपिड शेपटीमुळे एवढं सगळं बिघडतं, यावरून या रेणूंचं महत्त्व लक्षात यावं.

केंद्रकात चरबीचे थेंबही असतात?

असतात, विशेषतः यकृताच्या पेशींत. हे थेंब केंद्रकाच्या आतल्या पटलाशी निगडित असतात, आणि पटलातली फॉस्फोलिपिडं बनवण्याचा वेग ठरवणारं सीसीटी-अल्फा हे विकर त्यांच्यावर येऊन बसतं. यीस्टच्या आतल्या पटलातही असे थेंब तयार होतात, हे २०१८ मध्ये व्हिएन्नातल्या गटाने दाखवलं.

प्रयोगशाळेत हे सगळं बघतात तरी कसं?

पेशी हळुवार फोडून, दाट साखरेच्या द्रावणावर फिरवून केंद्रकं तळाशी बसवायची. त्यांना ईआरचे तुकडे चिकटलेले नाहीत ना, याची खातरजमा करायची. माझ्या मते निम्मं काम या पायरीवर होतं, आणि इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट. मग ब्लाय आणि डायर यांच्या १९५९ च्या पद्धतीने क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल घालून हलवायचं. काचेच्या नळीत दोन थर होतात, वर पाणी-मिथेनॉल, खाली जड क्लोरोफॉर्म आणि दोहोंच्या सीमेवर प्रथिनांची पांढरट चकती. लिपिडं खालच्या थरात असतात. चकती न हलवता पिपेट तळाशी नेऊन तो थर उचलायचा. क्लोरोफॉर्म अनेक प्लॅस्टिकांना विरघळवतो, म्हणून नळ्या काचेच्याच. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंचं वजन सांगतो. जिवंत पेशीत बघायचं तर पिप-टूला चिकटणारा प्रथिनाचा तुकडा हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाला जोडून वापरतात.

पुण्यात या विषयाच्या जवळपासचं काही काम झालं आहे का?

हो, आणि त्याचा मला अभिमान आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण वजन इतकं कमी असूनही आपल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के.

याच अभ्यासात दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळलं. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिकार सर्वांत जास्त होता. याचा केंद्रकाशी काय संबंध? डीएनएवर आणि हिस्टोनवर बसणारे मिथिल गट ज्या रेणूतून येतात, तो पुन्हा पुन्हा भरून ठेवायला बी-१२ लागतं. आणि तेच मिथिल गट एक फॉस्फोलिपिड दुसऱ्यात बदलायलाही खर्च होतात. यकृतातलं सुमारे ३० टक्के फॉस्फॅटिडिलकोलिन याच मार्गाने बनतं. यीस्टमध्ये हा लिपिडांकडचा खर्च थांबवला की हिस्टोनवरच्या मिथिल खुणा वाढतात, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. गावांतल्या निरीक्षणाचं संपूर्ण कारण हेच, असं मी म्हणणार नाही. ते निरीक्षण परस्परसंबंधाचं आहे. पण लिपिड आणि जनुक एकाच तिजोरीतून खर्च करतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

याशिवाय आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत सिद्धेश कामत यांचा गट लायसोफॉस्फॅटिडिलसेरिन या निरोप्या लिपिडावर काम करतो. केंद्रकात गुणसूत्रांची मांडणी करणाऱ्या सॅटबी-१ या प्रथिनावर संजीव गलांडे यांच्या गटाने आधी राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीसीएसमध्ये, आणि मग आयसरमध्ये बरंच काम केलं. देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरवणारं भांडारही विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसमध्येच आहे.

मग शेंगदाण्याचं तेल खावं की सूर्यफुलाचं? जवसाने जनुकं सुधारतात का?

या पानावरच्या माहितीतून तेलाचा ब्रँड निवडता येत नाही. आहारातली मेदाम्लं जनुकांपर्यंत पोचतात हे खरं, पण वाटेत ती पचतात, साठतात, लांब होतात, जळतात, आणि प्रत्येक पेशी स्वतःच्या गरजेप्रमाणे त्यांतली उचलते. जवसाची चटणी चांगलीच आहे, जरूर खा. त्यातल्या ओमेगा-३ चं शरीरात डीएचए या लांब साखळीच्या ओमेगा-३ मेदाम्लामध्ये रूपांतर मात्र फार थोडं होतं. 'जनुकं दुरुस्त करणारं' म्हणून कोणतंही तेल, कॅप्सूल किंवा पावडर विकत घेऊ नका. अशा जाहिरातींत शब्द पेशीविज्ञानाचे असतात आणि पुरावा काहीच नसतो. शाकाहारी असाल, विशेषतः घरात कोणी गरोदर असेल, तर तेलाच्या चर्चेआधी डॉक्टरांना बी-१२ ची तपासणी विचारा.

बी.एस्सी.ला आहे. या विषयात शिरायचं तर सुरुवात कुठून करू?

सेंद्रिय रसायनशास्त्राकडे पाठ फिरवू नका. लिपिडांच्या रचना हाताने काढता आल्या पाहिजेत, डोकं कुठे, शेपटी कुठे, दुहेरी बंध कितव्या कार्बनवर, हे सगळं. पुढे विद्यापीठात एम.एस्सी. किंवा आयसरमधली इंटिग्रेटेड पीएच.डी. हे सरळ मार्ग आहेत. अटी दरवर्षी संकेतस्थळावर बघा. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास पुण्यातल्या अनेक संशोधन संस्था लोकांना आत येऊ देतात. तेव्हा पोस्टर बघून परत फिरू नका. फ्लोरोसन्स सूक्ष्मदर्शक कुठे आहे ते विचारा आणि यकृताच्या पेशींची एखादी पट्टी दाखवायला सांगा. डॅपी या रंगद्रव्याने निळी झालेली केंद्रकं आणि बोडिपी या रंगद्रव्याने हिरवे झालेले मेदाचे थेंब एकाच चौकटीत बघा. मग दाखवणाऱ्याला विचारा की एखादा हिरवा थेंब निळ्याच्या वर आहे की खरोखर आत, आणि हे तो कसं ओळखेल.